जमा म्हणजे उत्पन्न नव्हे

(सोशल मीडियाचे काम स्वतंत्रपणे करणाऱ्यांसाठी प्राप्तिकरातील वजावटींचा एक पाठ)

वाणिज्य शाखेच्या वर्गात मी बरीच वर्षे प्राप्तिकर हा विषय शिकवीत आलो आहे. आमच्या क्रमिक पुस्तकांतील माणसे ठरलेली असतात. एक पगारदार असतो, त्याला महागाई भत्ता मिळतो. एक डॉक्टर असतो, त्याचा दवाखाना असतो. एक घरमालक असतो, तो घराचा अर्धा भाग भाड्याने देतो. या तिघांचे उत्पन्न फळ्यावर काढून दाखवले की वर्ष संपते आणि मुले परीक्षेला बसतात. परंतु पदवी घेऊन बाहेर पडलेली आमची मुले आता पुस्तकात नसलेले धंदे करू लागली आहेत. दुकानांची, क्लासेसची, कंपन्यांची फेसबुक व इन्स्टाग्रामवरील पाने सांभाळणे, त्यांच्यासाठी मजकूर लिहिणे, छोट्या चित्रफिती करणे, जाहिराती लावणे हा त्यांपैकीच एक. त्यात नोकरी नाही, पगारपत्रक नाही आणि वर्षअखेर हिशेब करून देणारा कारकूनही नाही. अशा मुलाने प्राप्तिकर कसा काढावा, हे मी वर्गात कधी शिकवले नव्हते. एकदा रस्त्यात शिकवायची वेळ आली, तेव्हा चुकीचे शिकवले. त्या चुकीची हकिगत सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाही.

२०२५ च्या जून महिन्यात खडेबाजारात माझी एक माजी विद्यार्थिनी भेटली. बी. कॉम. झाल्यावर तिने हेच काम धरले होते. बेळगावातील एक मिठाईवाले, शहापुरातील एक साडीचे दुकान, दोन शिकवणी वर्ग, काही लहान व्यापारी आणि पुण्याची एक कंपनी असे तिचे गिऱ्हाईक. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत सराईतपणे लिहीत असल्याने कामाला तोटा नव्हता. तिने विचारले, "सर, खर्चाची बिले ठेवायला लागतात काय?" मी घाईत होतो. म्हणालो, "अगं, छोट्या व्यावसायिकांना सरकारने सोय करून दिली आहे. जमेच्या निम्मे खर्चात गेले असे धरायचे आणि उरलेल्या निम्म्यावर कर काढायचा. कागदांची रद्दी कशाला सांभाळतेस?"

वर्ष सरल्यावर ती घरी आली ती रडवेल्या चेहऱ्याने. विवरणपत्र भरून देणाऱ्या एकाने तिचे बँकेचे उतारे पाहून सांगितले होते की वर्षाची जमा १९,४०,००० रुपये, त्यावरचा कर १,९५,५२०. टी. डी. एस. म्हणून ५०,००० आधीच कापले गेले आहेत, तेव्हा आणखी १,४५,५२० भरावे लागतील, व्याज निराळे. घरात तेवढे पैसे होते, पण ते आईची पाटली सोडवून आणण्यासाठी जमवलेले होते. लॅपटॉप घेण्याकरिता ती पाटली गहाण पडली होती.

मी म्हणालो, "बिले कुठे आहेत?" माझ्या सल्ल्याप्रमाणे ती तिने टाकूनच दिली असतील अशी मला धास्ती होती. पण तिच्या आईला कागद फेकण्याची सवय नव्हती. मुलीने टेबलावर टाकलेली प्रत्येक चिठ्ठी त्या माउलीने कुंद्याच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवली होती. तो डबा आम्ही सतरंजीवर उपडा केला आणि कामाला लागलो.

दुसऱ्याचा पैसा

पहिला प्रश्न असा की १९,४०,००० हे तिचे उत्पन्न होते काय? डबा तपासल्यावर दिसले की त्यातले ५,६०,००० रुपये गिऱ्हाइकांच्या जाहिरातींचे होते. दिवाळीत मिठाईवाल्याला जाहिरात द्यायची असे. तो हिला पैसे पाठवी, ही आपल्या कार्डावरून फेसबुक-इन्स्टाग्रामचे बिल भरी. पैसा हिच्या खात्यातून आला आणि गेला. टपाल पोचवणाऱ्याच्या पिशवीतील मनिऑर्डर जशी त्याची कमाई नव्हे, तसाच हा प्रकार. तिचे स्वतःचे शुल्क होते १३,८०,०००.

हा फरक सांगणे सोपे, सिद्ध करणे कठीण. कारण तिने दरमहा एकच बिल केले होते : "सोशल मीडियाचे काम, एकूण इतके." आत शुल्क किती आणि जाहिरातीचा पैसा किती हे कोठेच लिहिले नव्हते. पुण्याच्या कंपनीने साहजिकच संपूर्ण ५,००,००० रुपयांवर १० टक्के कापले. त्यांत शुल्क ३,६०,००० होते आणि जाहिरातीचे १,४०,०००. दोन बिले वेगळी असती आणि जाहिरातीच्या बिलाला मूळ पावत्या जोडलेल्या असत्या, तर कापणी ३६,००० वर थांबवा असे म्हणायला जागा होती. १४,००० रुपये निष्कारण वर्षभर अडकले.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीतही हीच गोष्ट आड येते. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की आपल्याकडे नोंदणी करावी लागते. हिचे शुल्क त्या रेषेपासून पुष्कळ दूर होते. पण सगळा पैसा एकत्र मोजला तर रेषा अवघ्या ६०,००० रुपयांवर आली होती.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. जाहिरातीच्या खात्याला गिऱ्हाइकाचेच कार्ड जोडावे. पान आपण सांभाळावे, पैसे त्याने परस्पर भरावेत. ते जमत नसेल तर शुल्काचे बिल एक आणि जाहिरातखर्चाचे दुसरे, असा शिरस्ता पहिल्या महिन्यापासून ठेवावा.

खर्चाची चाळणी

आता १३,८०,००० मधून खर्च वजा करायचे. येथे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ३७ समजून घेतले पाहिजे. व्यवसायाचा खर्च वजा मिळण्यासाठी तो तीन चाळण्यांतून जावा लागतो. तो संपूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी केलेला असावा. तो घरगुती किंवा वैयक्तिक नसावा. आणि तो भांडवली नसावा, म्हणजे वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू घेण्यासाठी केलेला नसावा. अशा वस्तूंसाठी घसाऱ्याची निराळी वाट आहे. ती पुढे पाहू. शिवाय कायदा मोडल्याबद्दल भरलेला दंड खर्चात धरता येत नाही.

डब्यातील एकेक कागद आम्ही या चाळणीत टाकू लागलो. चित्रफिती जुळवून देणाऱ्या मुलाला तिने दरमहा १२,००० रुपये दिले होते, तेही बँकेतून. हा खर्च निर्विवाद. चित्रे सजवण्याच्या आणि मजकूर ठरल्या वेळी प्रसिद्ध करण्याच्या सॉफ्टवेअरची मासिक वर्गणी, पुण्याला जाण्यायेण्याचा खर्च, बँकेचे आकार, मिठाईचे फोटो काढताना लागलेली फुले, रांगोळी, ताटे, सजावटीचे कापड, हेही कामाचेच.

इंटरनेटचे बिल महिना १,००० रुपये. पण त्यावर धाकटा भाऊ क्रिकेटही पाहतो. म्हणून तीन चतुर्थांश धरले. मोबाइलच्या रिचार्जचे निम्मे. घराचे विजेचे बिल महिना १,५००. सहा खोल्यांपैकी एका खोलीत तिचे काम चालते, म्हणून सहावा हिस्सा. असा वाटा कशाच्या आधारे काढला, हे त्याच वेळी वहीत लिहून ठेवावे. पुढे कोणी विचारले तर सांगता आले पाहिजे आणि सांगितलेले पटले पाहिजे.

"सर, खोलीचे भाडे?" तिने विचारले. घर वडिलांचे. ती भाडे देते काय? नाही. मग दिलेच नाही ते खर्चात कसे येणार? "आणि चित्रफितीत दिसायला घेतलेले ड्रेस?" ते ड्रेस ती लग्नकार्यालाही घालते. रोजच्या वापरात येणारे कपडे वैयक्तिकच ठरतात. मैत्रिणींबरोबर कॉफी पिता पिता कामाची चर्चा झाली, तरी ते बिल मी बाजूला काढून ठेवले. ती थोडी हिरमुसली. पण चाळणीचे काम कोंडा अडवण्याचेच असते.

येथे आणखी एक गोष्ट तिला नव्याने कळली. मोबाइलवरून पैसे पाठवल्याची नोंद म्हणजे बिल नव्हे. त्या नोंदीवरून पैसे गेले एवढेच कळते. कशासाठी गेले ते कळत नाही. सॉफ्टवेअरच्या वर्गणीचे बिल त्या त्या खात्यात असते, पण ते आपण उतरवून घ्यावे लागते. बारा महिन्यांची बिले शोधण्यात आमची एक दुपार गेली.

लॅपटॉप

टिकाऊ वस्तूची सगळी किंमत एकाच वर्षी खर्चात घालता येत नाही. तिचा दरवर्षी घसारा मिळतो. संगणक व त्याचे सॉफ्टवेअर यांना दर ४० टक्के, मोबाइल फोन यंत्रसामग्रीत मोडतो म्हणून १५ टक्के, फर्निचरला १० टक्के. हा घसारा उरलेल्या किमतीवर काढतात. ८०,००० च्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षी ३२,०००, मग उरलेल्या ४८,००० वर दुसऱ्या वर्षी १९,२००, असे पुढे. घेतलेली वस्तू त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल, तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा. म्हणजे जुलैत घेतलेल्या लॅपटॉपला ३२,००० मिळतात, नोव्हेंबरात घेतलेल्याला १६,०००.

तिचा लॅपटॉप जुलैतलाच होता. मी खुशीत ३२,००० लिहिले आणि बिल मागितले. बिल निघाले, पण त्यावर नाव मोठ्या भावाचे होते. "दुकानात तोच गेला होता सर. त्यानेच नाव सांगितले." पैसे कसे दिले? रोख. पाटली गहाण ठेवून आलेल्या नोटा तशाच नेऊन दुकानात मोजल्या होत्या.

मी लेखणी खाली ठेवली. घसारा वस्तूच्या मालकाला मिळतो आणि बिल तर दुसऱ्याच्या नावाचे. पत्रव्यवहार दाखवून, साक्ष काढून मालकीचा वाद एकवेळ घालता आला असता. परंतु रोखीपुढे इलाज नव्हता. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख देऊन मालमत्ता घेतली, तर ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरतच नाहीत. नेहमीच्या खर्चालाही हीच मर्यादा आहे : एका दिवशी एकाच माणसाला १०,००० वर रोख दिले की तो खर्च नामंजूर होतो. गहाणाचे कर्ज आईच्या नावावर आणि व्याजही तीच भरते, म्हणून ते व्याजही मुलीच्या हिशेबात घेता येईना.

सोने आईचे, राबणूक मुलीची आणि कागद भावाचा. या घरात कोणीच कोणाला फसवले नव्हते. भावाने तर उन्हातून जाऊन ती पेटी आणली होती. पण कायदा घरातील माया वाचत नाही, कागदावरचे नाव वाचतो. "जुन्या तारखेचे दुसरे बिल करून मागू काय?" असे तिने दबक्या आवाजात विचारले. मी नाही म्हणालो. खोट्या कागदाने खरा खर्चही संशयित होतो. ते ३२,००० आम्ही सोडून दिले.

मोबाइल मात्र तिच्या नावाचा होता आणि पैसेही तिच्या खात्यातून गेले होते. किंमत ४०,०००, घसारा ६,०००, निम्मा वापर घरचा म्हणून ३,०००.

हिशेब

आमची यादी शेवटी अशी तयार झाली :

चित्रफिती जुळवणाऱ्यास — १,४४,०००
सॉफ्टवेअर वर्गणी — ३०,०००
प्रवास — १८,०००
इंटरनेट (तीन चतुर्थांश) — ९,०००
चित्रणासाठी किरकोळ सामान — ६,०००
वीज (सहावा हिस्सा) — ३,०००
मोबाइल रिचार्ज (निम्मा) — ३,०००
मोबाइलचा घसारा (निम्मा) — ३,०००
बँकेचे आकार — २,०००
एकूण — २,१८,०००

शुल्क १३,८०,००० वजा खर्च २,१८,०००, म्हणजे उत्पन्न ११,६२,०००.

आता २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे नव्या करपद्धतीचे दर पाहा. ४ लाखांपर्यंत कर नाही. त्यापुढे दर ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांवर ३० टक्के. करावर ४ टक्के उपकर. मात्र एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर निवासी व्यक्तीला ६०,००० पर्यंतची करसवलत मिळून अशा उत्पन्नावरचा कर शून्य होतो. एकाच मुलीचे, एकाच वर्षाचे तीन हिशेब मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडले :

सगळी जमा उत्पन्न धरली, १९,४०,००० : कर १,९५,५२०.
दुसऱ्याचा पैसा वगळला, १३,८०,००० : कर ९०,४८०.
खर्चही वजा केला, ११,६२,००० : कर शून्य.

ती बराच वेळ त्या तीन ओळींकडे पाहत राहिली. कायद्याने तिच्यावर मेहेरबानी केली नव्हती किंवा तिने काही लपवलेही नव्हते. फरक होता तो जमा आणि उत्पन्न यांतला, आणि तो दाखवणारा होता कुंद्याचा डबा. लॅपटॉपचे ३२,००० सुटूनही ती १२ लाखांच्या आत राहिली, हे या वर्षीचे नशीब. शुल्क आणखी ५०,००० नी वाढले असते, तर तेच ३२,००० आडवे आले असते.

माझी चूक

आता माझ्या त्या "निम्मे सोडून दे" या सल्ल्याकडे वळतो. कलम ४४ एडीए मध्ये अशी सोय आहे खरी. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल, आणि रोखीने आलेली रक्कम ५ टक्क्यांहून जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवता येते. मग वेगळा खर्च किंवा घसारा मागता येत नाही आणि पक्क्या हिशेबवह्याही लागत नाहीत. पण ही सोय ठराविक व्यवसायांना आहे : वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, हिशेबनिसी, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि सरकारने अधिसूचित केलेले आणखी काही. त्या यादीत दुसऱ्यांची समाजमाध्यमे सांभाळण्याचे काम नावाने लिहिलेले नाही. २०२५ मध्ये विवरणपत्राच्या नमुन्यात सोशल मीडिया इन्फ्लुएन्सर या धंद्याला निराळा संकेतांक मिळाला. परंतु स्वतःच्या नावावर लोकप्रिय होऊन जाहिराती घेणारा आणि दुसऱ्याचे दुकान पडद्यामागून सांभाळणारी, ही दोन कामे भिन्न आहेत.

यादीत न बसणाऱ्या लहान धंद्यांसाठी कलम ४४ एडी आहे. त्यात बँकेतून आलेल्या जमेवर किमान ६ टक्के आणि रोख जमेवर किमान ८ टक्के उत्पन्न धरतात. पण ते दलाली किंवा कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही. शिवाय ६ टक्के ही खालची पायरी आहे. प्रत्यक्षात शंभरातले ऐंशी रुपये हातात उरत असताना सहाच दाखवणे हे प्रामाणिकपणाचे नव्हे.

मी चुकलो ते येथे. सोय कोणासाठी आहे हे न पाहता ती सरसकट सांगितली. समजा, तिने माझ्या भरवशावर निम्मे दाखवले असते आणि पुढे अधिकाऱ्याने "हा व्यवसाय यादीत नाही, खर्च सिद्ध करा" असे म्हटले असते, तर तिच्या हातात काय राहिले असते? रिकामा डबा. म्हणून माझे आताचे मत असे : अशी सोय घ्यायची असेल तर कामाचे नेमके स्वरूप सनदी लेखापालाला सांगून आधी विचारावे, आणि सोय घेतली तरीही कागद ठेवावेत.

काही गैरसमज

वर्गात हा विषय निघाला की मुले हमखास म्हणतात, "सर, नव्या करपद्धतीत वजावटी राहिल्याच नाहीत." हे अर्धसत्य आहे. आयुर्विमा, भविष्यनिर्वाह निधी, आरोग्यविमा यांच्यासाठीच्या कलम ८०सी व ८०डीच्या वजावटी नव्या पद्धतीत मिळत नाहीत. पण धंद्याचा खर्च ही कोणी दिलेली सवलत नव्हे. तो वजा केल्याशिवाय नफाच ठरत नाही. म्हणून तो दोन्ही पद्धतींत वजा होतो. उलट पगारदाराला मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट हिला मिळत नाही, कारण हिला पगार नाही. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याला जुन्या पद्धतीत जायचे असेल तर मुदतीत निराळा अर्ज भरावा लागतो आणि पुन्हा परत येण्याची संधी एकदाच मिळते. तेव्हा दोन्ही गणिते करून पाहिल्याशिवाय उडी घेऊ नये.

दुसरा गैरसमज टी. डी. एस.चा. काही जण कापलेली रक्कम खर्चात लिहितात, काही जण हातात आलेलीच रक्कम जमा धरतात. दोन्ही चूक. कापलेले ५०,००० हे तिच्या वतीने आगाऊ भरलेला कर आहे. ते जमेत धरायचे आणि शेवटी करातून वजा करायचे. कर शून्य असेल तर ते परत मिळतात, पण विवरणपत्र भरून मागितले तरच. "माझा कर शून्य, मग विवरणपत्र कशाला?" असे म्हणणारा आपलेच पैसे सरकारात ठेवून येतो. व्यवसायाची जमा वर्षाला १० लाखांवर असेल, तर तसेही विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे.

तिसरा गैरसमज वस्तूंचा. कामाच्या मोबदल्यात साडी, मोबाइल किंवा सहलीचे तिकीट मिळाले, तर ती भेट म्हणून सोडून देता येत नाही. तिची किंमत व्यवसायाच्या जमेत येते. अशा लाभांची किंमत वर्षाला २०,००० वर गेली तर देणाऱ्या कंपनीने त्यावर १० टक्के कर कापावा, अशी तरतूद १ जुलै २०२२ पासून आहे.

आणि कर लागणार असेल तर वर्ष संपेपर्यंत थांबू नये. टी. डी. एस. वजा जाता १०,००० किंवा अधिक कर निघत असेल, तर तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांपर्यंत अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्के असा आगाऊ भरावा लागतो. नाहीतर व्याज पडते.

एक सूचना विद्यार्थ्यांसाठी. येथे दिलेली कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत आणि २०२५-२६ चा हिशेब त्याच कायद्याखालचा. १ एप्रिल २०२६ पासून पुढच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले आणि "पूर्व वर्ष" व "करनिर्धारण वर्ष" या जोडीच्या जागी "कर वर्ष" हा एकच शब्द आला. आकडे पाठ केलेल्यांची पंचाईत होईल. जमा, खर्च आणि घसारा यांतला संबंध ज्यांना समजला आहे, त्यांची होणार नाही.

उद्यापासून काय करावे

धंद्यासाठी बँकेत निराळे खाते काढा. घरखर्च त्यातून करू नका. शुल्काचे आणि जाहिरातखर्चाचे बिल वेगळे करा. प्रत्येक खरेदीचे बिल स्वतःच्या नावाने घ्या आणि पैसे स्वतःच्या खात्यातून द्या. दर रविवारी अर्धा तास बसून आठवड्याची जमा आणि खर्च वहीत उतरवा. घरच्या आणि कामाच्या वापराचा वाटा कसा काढला ते लिहा. कोणी किती कर कापला हे दर तिमाहीला प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरील फॉर्म २६एएस व वार्षिक माहिती विवरणाशी ताडून पाहा. नवीन कायद्यात फॉर्मचे आकडे बदलले तरी ताडण्याचे काम तेच आहे. आणि कागद लगेच टाकू नका. सहा-सात वर्षे जपून ठेवा.

आमच्या कन्नड विभागातील एका सहकाऱ्याला मी ही सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, "आमच्यात हिशेबाला 'लेक्क' म्हणतात. घरात कोणीतरी लेक्क ठेवणारे माणूस लागतेच." या घरात ते माणूस प्राप्तिकराचे नावही न घेणारी आई होती, प्राप्तिकर शिकवणारा मी नव्हतो.

त्या दिवशी निघताना मुलीने सगळी बिले पुन्हा डब्यात भरली आणि वर माझा तो तीन ओळींचा कागद ठेवला. दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "सर, पाटली सोडवायला शुक्रवारी जातो आम्ही. पावती आईच्या नावानेच घेते." मी म्हणालो, "घे. आणि डब्यात ठेव."